शाकारलेली साइट

केळशीहून निघताना

नारळी पौर्णिमा गेली, गणपती गेले, दिवाळीसुद्धा गेली, तरी आमची साइट शाकारलेलीच होती. ज्यांना शाकारणं ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पावसाळ्यात दर्या खवळला की आमच्याकडे होड्या पुळणीवर ओढून घेतात, वरून माडाच्या झावळांचे विणलेले झाप घालतात, आणि त्या झापांखाली बसून माणसं डागडुजी करतात. त्याला म्हणायचं होडी शाकारली. आता होडी शाकारतात ते ठीक, पण माझी धाकटी जाऊ सुलोचना इंटरनेटवरची साइटसुद्धा शाकारायची.

आमच्या आळीत समुद्राकडच्या घरांत पर्यटक उतरतात. घरातल्या एक-दोन खोल्या द्यायच्या आणि आपल्याच चुलीवरचं जेवण वाढायचं. त्या सगळ्या घरांची मिळून एक साइट, ती बांधली सुलूने आणि मी. मी सातवी शिकलेली, ती दहावीपर्यंत. कुणी शिकवलं नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, थांबवायचे, पुन्हा मागे न्यायचे, आणि माझ्या मुलाने मुंबईहून आणून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर करून बघायचं. लिहायचं काम माझं, कारण मला बोलायला फार लागतं आणि बोलते तसं लिहिता येतं. बांधायचं काम तिचं. साइटवर फोन नंबर तिचा एकटीचा. पाहुण्याचा फोन आला की ज्या घराची पाळी असेल तिथे ती त्यांना पाठवायची. पाळी कुठे लिहिलेली नव्हती, तिच्या डोक्यात होती, आणि आमच्यासारख्या भांडकुदळ आळीतसुद्धा त्या पाळीवर कधी कुणी बोट ठेवलं नाही.

ज्येष्ठात पाहुणे थांबले की सुलू साइटवर एक पान पांघरूण घालावं तसं घालायची. मग बाकीचं काही दिसत नसे. माझा मुलगा फोनवर हसायचा. "काय गो काकी, साइट पावसात भिजते काय?"

"भिजत नाय रे, पण दमते. तुला कंपनी सुट्टी देते ना, तशी," सुलू म्हणायची.

आणि त्या पांघरुणाखाली तिची डागडुजी चालायची. जुने फोटो काढायचे, नवे घालायचे, बिघडलेले दुवे जोडायचे, साइटला वरून लावलेली प्लगिन नव्याने भरून घ्यायची, सगळ्याची एक प्रत काढून ठेवायची. नारळी पौर्णिमेला घरच्या होडीची पूजा झाली, दर्याला नारळ दिला, की घरी येऊन पांघरूण काढायची. त्याआधी लॅपटॉपला हळदकुंकू.

ह्या वर्षी तिने ज्येष्ठात पांघरूण घातलं आणि आषाढात ती गेली.

साइट उघडली की तेवढंच दिसायचं. "होडी वर ओढली आहे. डागडुजी चालू आहे. नारळी पौर्णिमेला भेटू. सुलोचना." खाली तिचा नंबर.

आळीतल्या बायका माझ्या तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण गणपतीत कुणी आलं नाही, दिवाळीत कुणी आलं नाही, आणि खोल्यांना दिलेला रंग तसाच कोरा राहिला, तेव्हा मलाच त्यांच्या दारावरून जायला जड वाटायला लागलं. त्यात ज्या कंपनीच्या जागेत आमची साइट ठेवलेली आहे तिचा मेल आला. ज्या साधनावर साइट बांधली आहे त्याची नवी आवृत्ती निघाली आहे, महिनाअखेर सगळ्या साइट तिच्यावर नेणार, आणि तुमचं ते पांघरुणाचं प्लगिन ज्याने केलं त्याने ते वाऱ्यावर सोडलं आहे, ते वेळेत काढलं नाहीत तर साइट बंद पडू शकते. मी तो मेल वाचला आणि कपाळाला हात लावला.

पासवर्ड मला पाठ होता. पण पासवर्ड घातला की सुलूच्या फोनवर एक आकडा येतो, तो घातल्याशिवाय दार उघडत नाही. आणि सुलूचा फोन तिच्या नवऱ्याकडे, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांकडे, दत्ताराम भावजींकडे. शर्टाच्या खिशात. रोज चार्ज करायचे, रोज रुमालाने पुसायचे. फोन वाजायचा, पाहुण्यांचेच असणार, पण भावजी उचलायचे नाहीत. उचलला तर काय सांगायचं? जे सांगायचं ते त्यांनी अजून कुणालाच स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं नव्हतं. दिवसकार्याची आमंत्रणंसुद्धा आमच्या ह्यांनी केली.

तेवढ्यात मोबाइलवर बातमी दिसली की रत्नागिरीत साइट बांधणाऱ्यांचा मेळावा आहे, दोन दिवस, आणि तिथे मदतीचं एक टेबल असणार, कुणीही आपली अडलेली साइट घेऊन यावं. मी भावजींकडे गेले. "फोन द्या, मी जाऊन येते."

"फोन नाय देत," ते म्हणाले. मग त्यांनी झोपाळ्याची कडी हातात धरली. "मीच येतो."

दाभोळची खाडी

रत्नागिरीला जायचा सरळ रस्ता म्हणजे दापोली, खेड आणि मग हायवेने चिपळूणवरून. भावजी म्हणाले, "घाटातनं नको वैनी, मला ओकारी येते. खाड्यांवरनं जाऊ."

हयातभर तांडेल म्हणून होडीच्या सुकाणूवर बसलेला माणूस, आणि एसटीत शिरला की लिंबू हुंगतो! आळीत ह्यावर पुष्कळ हसून झालंय. सुलू तर पाहुण्यांनासुद्धा सांगायची, "आमचे हे तुफानातून होडी आणतील, पण दापोलीच्या एसटीत पिशवी लागते." ह्या वेळी मी हसले नाही. आषाढात त्याच सरळ रस्त्याने आम्ही सुलूला ॲम्ब्युलन्समधून रत्नागिरीला नेलं होतं. पाऊस कोसळत होता, काचेतून काही दिसत नव्हतं, आणि भावजी सबंध वाट तिचे पाय धरून बसले होते. त्या दिवशी त्यांना ओकारी आली नव्हती.

दाभोळला फेरीबोटीत चढलो. वाशिष्ठीचं पाणी ह्या दिवसांत हिरवट, शांत असतं. पलीकडे धोपावे. गाड्या आत, माणसं कडेला. भावजींचा चेहरा पाण्यावर आल्यावर जरा सैल झाला. कुठे वाळू भरलीय, कुठून भरती शिरते, मला दाखवायला लागले. मलाही बरं वाटलं. आणि खिशातला फोन वाजला.

भावजींनी तो काढून हातात धरला. शेजारी माशांची रिकामी पाटी घेऊन एक बाई बसली होती. ती म्हणाली, "काका, फोन वाजतोय."

"वाजूदे."

"अवो, घ्या ना. कुणाचं काय अडलं असंल."

भावजी उठून कठड्याशी गेले. फोन वाजून वाजून थांबला. त्यांनी तो रुमालाने पुसला आणि खिशात ठेवला. बाईने माझ्याकडे बघितलं. "भांडान झालंय काय घरात?" मी म्हटलं, "तसंच काहीसं." काय सांगणार?

तवसाळला दुसरी फेरीबोट, जयगडची. चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी एक पाय अनवाणी अशी उभी, लोक मागून ढकलतायत. भावजींनी पँटच्या खिशातून जाळं शिवायचा दोरा काढला. तो त्यांच्या खिशात नेहमी असतो, लग्नालासुद्धा. चप्पल गुडघ्यावर घेऊन अंगठा बांधून दिला. ती गाठ अजून सुटलेली नाही. मी आता दुसऱ्या चपलेलाही तशीच घालून मागणार आहे.

गणपतीपुळे

मुक्काम गणपतीपुळ्याला माझ्या मावसबहिणीकडे, कुसुमकडे. देवळाच्या वाटेवर तिचं कोकम, आंबावडी, फणसपोळीचं दुकान आहे, आणि माडीवर तीन खोल्या. तिने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. भावजी पोटभर जेवले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना दुसऱ्यांदा वाढून घेताना बघितलं.

कुसुमला आमची पाळीची पद्धत ऐकून हसू आलं. "आमच्याकडे नाय हो असली पाळीबिळी. गाडी वळणावर आली की चारजण धावतात. जो आधी काच ठोठावेल त्याचा पाहुणा. आणि आता तर तेही नाय, मोठमोठे ॲप आहेत, ते ठरवतात कोण वर आणि कोण खाली. मला गेल्या वर्षी एकाने एकच तारा दिला. का, तर समुद्राचा आवाज येतो म्हणून!"

"समुद्राचा आवाज येतो म्हणून?" भावजी म्हणाले.

"देवाशप्पथ."

भावजी हसले. मोठ्याने नाही, पण हसले. मग अचानक म्हणाले, "हे सुलूला सांगायला होवं होतं." कुसुम ताट उचलायच्या निमित्ताने आत गेली.

पहाटे दर्शन घेतलं. मला डोंगराची प्रदक्षिणा जमली नाही, गुडघे बोलायला लागले. बाहेर आले तर भावजी देवळाकडे पाठ करून पाण्याच्या कडेला उभे. पाय भिजले होते. मी हाक मारली नाही. सहलीला आलेल्या मुलींनी त्यांनाच फोटो काढायला लावला. त्यांनी मन लावून काढला. फोन परत देताना मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमचा एक काढू?" म्हणाले, "नको गं, मी एकटाच आहे."

रत्नागिरी, मेळाव्याचा पहिला दिवस

साइट बांधणाऱ्यांचा मेळावा म्हणजे काय असतं ते तुम्ही बघितलं नसेल, मीही बघितलं नव्हतं. मला वाटलेलं, सगळी चष्मेवाली मुलं गप्प बसलेली असतील. पण ते लग्नघर निघालं. दारात ओळखपत्र गळ्यात घालतात, हातात कापडी पिशवी देतात, त्यात चिकटवायची चित्रं, पेन, चिवड्याचं पाकीट. चहा सतत. ओळखपत्रावर नाव आणि खाली तुमचं काम लिहायचं. दारातल्या मुलीने भावजींना विचारलं, "काका, तुमचं काम?"

"तांडेल."

तिने तसंच लिहिलं. मग दिवसभर लोक त्यांच्या छातीकडे बघून विचारायचे, "तांडेल म्हणजे नवीन काही आहे का? फुकट आहे की विकत?" भावजी म्हणायचे, "जुनंच आहे. आता बंद पडायला आलंय."

आत एका गृहस्थांनी वर्षभरात काय काय बदललं ते सांगितलं. बरंच माझ्या डोक्यावरून गेलं, पण समजलं तेवढं सांगते. आता पान विटा रचल्यासारखं तुकड्यातुकड्याने बांधतात. फोटोखाली दोन शब्द लिहून ठेवायचे, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना मशीन वाचून दाखवतं. हे मला फार आवडलं, आणि घरी येऊन मी आमच्या प्रत्येक फोटोखाली लिहिलं. आणि ते म्हणाले की कितीतरी प्लगिन अशी आहेत जी कुणी एकट्याने रात्री जागून केली, जगभर फुकट वाटली, आणि मग तो माणूस थकला, किंवा आजारी पडला, किंवा गेला. मागे फक्त एक ओळ राहते, हे बऱ्याच दिवसांत बदललेलं नाही. बाकीच्यांनी मान हलवली. भावजी ताठ बसले होते. नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. सगळा हॉल मागे वळला. भावजींनी तो बंद केला नाही, दोन्ही तळव्यांत घेऊन छातीशी दाबून धरला, वाजून संपेपर्यंत. बोलणारे गृहस्थ थांबले होते. म्हणाले, "असू दे काका." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मग एकाने मशीनशी नुसतं बोलून साइट करून दाखवली. म्हणाला, कोकणातलं समुद्राकाठचं घर. चहा प्यायला वेळ लागतो तेवढ्यात साइट तयार! घर, माड, निळंशार पाणी, दारात नऊवारीतली हसरी बाई. लोकांनी टाळ्या दिल्या, मीही दिल्या, काम खरंच बघण्यासारखं होतं. पण त्या दारात चपला नव्हत्या. एवढ्या हसऱ्या बाईच्या दारात कुणाच्याच चपला कशा नाहीत, हे माझ्या मनातून जाईना.

जेवणानंतर मदतीच्या टेबलाशी गेलो. तिथे कोल्हापूरच्या रेखाताई बसल्या होत्या. चाळिशीच्या, कपाळावर मोठं कुंकू, पुढे लॅपटॉप. साइट बांधायचाच त्यांचा धंदा. मी आधी सुलूची सगळी हकिगत सांगितली, शाकारण्यापासून. त्यांनी मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही.

"साइटला पावसाळी सुट्टी!" त्या म्हणाल्या. "मावशी, इतकी वर्षं हे काम करतेय, असलं कधी ऐकलं न्हाई बघा. लई भारी बाई असणार तुमची जाऊ. बरं, आधी सगळ्याची प्रत काढून ठेवूया, मग हात लावू. घाला पासवर्ड."

मी घातला. भावजींच्या हातातला फोन टुणकन वाजला. त्यांनी सुलूने दाखवलेली खूण स्क्रीनवर बोटाने काढली, फोन लांब धरला आणि आकडा वाचला. दार उघडलं नाही. चष्मा केळशीला राहिला होता, तिनाचा आठ झाला होता. दुसरा आकडा मागवला, तर वाचेपर्यंत त्याची मुदत संपली. रेखाताई म्हणाल्या, "काका, द्या हिकडं, मी वाचते." भावजींनी फोन मागे घेतला. मग रेखाताईंनी स्वतःचा चष्मा काढून त्यांच्यापुढे ठेवला. लालबुंद काड्यांचा तो चष्मा नाकावर चढवून भावजींनी आकडा एकेक करून वाचला, आणि दार उघडलं.

रेखाताईंनी प्रत काढली. मग आत शिरून पानं चाळायला लागल्या. चाळता चाळता त्यांचा हात थांबला. "मावशी, ह्या वर्षी डागडुजी कुणी केली म्हणालात?"

"तीच. सुलूच. ज्येष्ठभर बसलेली असायची."

"न्हाई ओ." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "पांघरूण घातलंय, तेवढंच. त्याच्यानंतर कशालाच हात लावलेला न्हाई. फोटो गेल्या वर्षीचेच. एक अक्षर बदललेलं न्हाई."

ज्येष्ठात मी रोज तिच्याकडे जात होते. ती भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर लॅपटॉप, अंगावर चादर. "काय गो, कुठवर आलं?" विचारलं की म्हणायची, "चाललंय ताई. तू चहा टाक." मी चहा टाकायचे. लॅपटॉप मांडीवर असायचा, पण त्याचा उजेड तिच्या तोंडावर पडलेला कधी दिसला नाही, हे मला त्या टेबलाशी बसल्यावर आठवलं. पोटाचं दुखणं तिने आम्हाला आषाढात सांगितलं, जेव्हा लपवता येईना.

भावजी हळूच म्हणाले, "म्हंजे तेव्हापासनंच." मग म्हणाले, "मला म्हणायची, पावसात कुठं जाणार, बसूनच काम करते."

रेखाताईंनी पाण्याची बाटली पुढे केली. मग म्हणाल्या, "काका, पांघरूण काढावं लागंल. हे प्लगिन ऱ्हायलं तर नव्या आवृत्तीत साइट पडंल. तेच शब्द दुसऱ्या पानावर मी घालून देते की. पण ते मी लिहिलेलं असंल. त्यांनी लिहिलेलं न्हाई."

"आज नको," भावजी म्हणाले.

"उद्या दुपारपर्यंत हाय मी."

"आज नको," ते पुन्हा म्हणाले आणि चष्मा पुसून त्यांनी परत दिला.

मिरकरवाडा

रात्री मिरकरवाड्याला भावजींच्या आतेभावाकडे उतरलो. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं, पण भावजींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. सकाळी भावजी मला म्हणाले, "चल, बंदरावर फिरून येऊ."

मिरकरवाड्याचं बंदर म्हणजे आमच्या केळशीसारखं नव्हे. ट्रॉलर एकाला एक घासून उभे, बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज, लिलावाचा गलका, बायकांची भांडणं, डिझेलचा वास. एक बाई दुसरीला म्हणत होती, "तुझी सुरमई आहे की तुझी सासू गो, डोळे एवढे पांढरे?" मी पदराआड हसले. भावजी गर्दीतून सरळ पलीकडे गेले, जिथे जुन्या लाकडी होड्या असतात. त्यांतली एक अजून झापांखाली होती. झाप काळे पडलेले, एका बाजूने खाली आलेले.

तिथे जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्याला भावजींनी विचारलं, "ही का नाय काढली?"

"धनी गेला. पोरगा म्हणतो, बाबाच्या हातचे झाप आहेत, र्‍हाऊदेत."

"कधीपासनं?"

"दोन पावसाळे झाले."

भावजी वाकले. एक झाप वर करून त्यांनी फळीवर हात फिरवला. फळ्या सुकल्या होत्या. पाण्याबाहेर फार दिवस राहिली की लाकडी होडीच्या फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. एका सांध्यात त्यांचं बोट पेरापर्यंत आत गेलं. म्हातारा म्हणाला, "काय बघतंस?"

"आता हिला पाण्यात घातली तर बुडेल," भावजी म्हणाले.

"बुडेल तर. मी काय सांगतोय त्या पोराला?"

भावजींनी झाप होता तसा खाली सोडला. हात पँटला पुसले. येताना नाक्यावरच्या दुकानातून त्यांनी नारळ घेतला, शेंडी बघून, कानाशी हलवून. धक्क्याच्या टोकाला जाऊन दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. मिरकरवाड्याची माणसं बघत होती. मार्गशीर्षात नारळ कोण सोडतो? एक पोरगा म्हणाला, "काका, पौर्णिमा कवाच झाली!"

"आमची र्‍हायली होती," भावजी म्हणाले. आणि मला, "चल वैनी, त्या कोल्हापूरच्या बाईकडे."

मेळाव्याचा दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी गर्दी कमी होती. एका कोपऱ्यात काही जण साइट बांधायच्या त्या साधनातले इंग्रजी शब्द मराठीत आणायला बसले होते. साइट दुरुस्तीसाठी बंद आहे ह्याला काय म्हणावं, ह्यावर त्यांचं घनघोर भांडण चाललेलं. मला राहवलं नाही, मी आमचं शाकारणं सांगितलं. पुण्याच्या एका मुलाने म्हटलं, "छान आहे आजी, पण आमच्याकडे कुणाला कळणार नाही." मी म्हटलं, "तुमच्याकडे दर्याच नाही रे बाबा, त्याला मी काय करू?" सगळे हसले. पण त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला, आणि मला वाटलं, सुलूने हे बघायला हवं होतं.

रेखाताईंनी खुर्ची ओढून दिली, चष्मा पुढे ठेवला. ह्या वेळी आकडा पहिल्या फटक्यात लागला. पांघरुणाचं पान समोर आलं. त्यांनी विचारलं, "काका, काढू?"

"थांब."

भावजींनी ते पान वाचलं. मोठ्याने, शाळेतली मुलं वाचतात तसं, प्रत्येक शब्दावर थांबून. "होडी वर ओढली आहे. डागडुजी चालू आहे. नारळी पौर्णिमेला भेटू." शेवटचं नाव त्यांनी वाचलं नाही.

मग म्हणाले, "काढ."

पांघरूण गेलं. खाली आमची आळी होती, गेल्या वर्षीची. पहिलाच फोटो सुलूच्या ओसरीचा, उन्हात वाळत घातलेली आमसुलं आणि कोपऱ्यात तिचे हात, कारण मी फोटो काढताना ती बाजूला सरायची, पण पुरती कधी सरायची नाही. किती जुनं झालं होतं सगळं! आम्ही दुपारपर्यंत बसून डागडुजी केली. रेखाताईंनी जुनाट जोड काढून नवे घातले, मी मजकूर सांगितला, त्यांनी टंकला. एकदा म्हणाल्या, "मावशी, जेवणात काय देता ते लिवा की. नुसतं मासे मासे म्हणून आमच्याकडचं कोण येणार?" मी म्हटलं, "तुम्ही या तर खरं, तुमच्या तांबड्या रश्श्याची आठवण येऊ देणार नाही." "बघू," त्या म्हणाल्या, "पैज लावते मी." निघताना मात्र त्यांनी मला मिठी मारली आणि भावजींना वाकून नमस्कार केला. भावजी गडबडले.

साइटवर नंबर कुणाचा ठेवायचा, हे त्यांनी शेवटी विचारलं होतं. मी माझा सांगायला तोंड उघडलं. भावजी म्हणाले, "तिचाच र्‍हाऊदे."

जयगडच्या खाडीत

परतीला जयगडवरून फेरीबोट धरली. ऊन कलत होतं. पलीकडचा तवसाळचा डोंगर तांबूस दिसत होता. भावजी कठड्याशी, मी त्यांच्या शेजारी. बोट सुटली आणि फोन वाजला.

भावजींनी तो काढला. वाजू दिला. मग त्यांचं बोट फोनवरून सरकलं आणि त्यांनी तो कानाशी नेला.

पलीकडची बाई मोठ्याने बोलणारी होती, इंजिनच्या आवाजातही मला ऐकू येत होतं. "सुलूताई! अहो किती फोन केले तुम्हाला! मी मिरजेहून बोलतेय. आज साइट उघडली बाई एकदाची!"

"सुलूताई नाय," भावजी म्हणाले.

"बाहेर गेल्यात का? कधी येतील?"

भावजींनी कठडा धरला. "ती यायची नाय हो," ते म्हणाले. "ती आषाढात गेली. वारली. मी तिचा घरवाला बोलतोय."

त्यानंतर मिरजेच्या बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, कारण त्या हळू बोलत होत्या. भावजी ऐकत होते. मध्येच "हो" म्हणत होते, "हो, तिच्या हातचे घावन," म्हणत होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग म्हणाले, "बोला. किती माणसं येताय?"

फोनवर तळवा ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वैनी, पाळी कुणाची?"

मला माहीत नव्हतं. पावसाआधी शेवटचे पाहुणे कुणाकडे उतरले होते, त्यानंतर कुणाचं घर, हे आळीत कुणालाच माहीत नव्हतं.

भावजींनी तळवा काढला. सुलू गेल्यापासून त्यांच्या ओसरीवरच्या दोन्ही खोल्यांना कड्या होत्या, झाडायलासुद्धा कुणी उघडल्या नव्हत्या.

"या," ते फोनमध्ये म्हणाले. "आमच्याकडेच उतरा."

फोन पुसून त्यांनी खिशात ठेवला. बोट पलीकडे लागली, माणसं उतरायला लागली, तरी ते उभेच होते. मी म्हटलं, "चला भावजी."

"वैनी," ते म्हणाले, "पाहुण्यांच्या चादरी कुठं ठेवायची ती, म्हायतेय काय तुला?"